उलटी तार

लेमविगच्या हँडबॉल हॉलमधला जुना बाजार.
इस्त्रीचं टेबल आणि बाबागाडी यांच्या मधे
दोन खोकी उभी होती, भिंतीकडे तोंड करून,
शिक्षा झालेल्या पोरांसारखी.
तीनशे क्रोनर. गाडीपर्यंत मीच उचलतो म्हटल्यावर अडीचशे.
विकणारी एल्सेबेथ म्हणाली, "थोर्किलचे स्पीकर. चालतात.
पण गाणारी बाई कधी खोलीत येत नाही."
मी मान हलवली. वयाचं काहीतरी असेल.

नाव कुठेच नाही.
कापडावर दोन बारीक भोकं, भोवती न रापलेला लांबट चौकोन,
घड्याळ काढल्यावर मनगटावर राहतो तसा.
मागची चिठ्ठी ओलीनं खाल्लेली. उरलं होतं आठ ओहम
आणि गावाच्या नावाचं शेपूट, '-स्ट्रुप'.
आमच्याकडे निम्म्या गावांना हेच शेपूट.

मग मी वास घेतो. हसू नका.
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली,
कुणाच्या डब्यात काय आहे ते मला दारातच कळायचं.
पहिल्या खोक्याला पाइपच्या तंबाखूचा वास, आत मेंढीची लोकर,
आणि सागाच्या पापुद्र्यामागे शिसपेन्सिलीनं
'आय. के., १४ मार्च ७१'.
दुसऱ्यातही आय. के., तोच दिवस.
म्हणजे जुळी. कारखाना कोणता, देव जाणे,
पण आय. के. डावखुरी असावी, डाखाचे सगळे थेंब उजवीकडे कललेले.
(बाई असेल असं मीच ठरवून टाकलं.)

कडांचा फोम बोट लावताच भुगा झाला.
कपॅसिटर सुकून आवळकाठी.
नोव्हेंबरभर फ्योर्डवरून वारा येत होता
आणि मी सरस वाळायची वाट बघत होतो,
शंकूवर हात ठेवून,
ताप बघावा तसा.

दुसऱ्या खोक्यात एक थेंब वेगळा सापडला.
जाडजूड, जळका, घाईचा.
आय. के.चा नाही.
दीड व्होल्टचा सेल लावला:
पहिल्याचा शंकू पुढे आला,
दुसऱ्याचा मागे सरकला.

कुणीतरी कधीतरी दुरुस्तीच्या नादात
दोन तारा अदलाबदल करून डाखल्या होत्या.
एक पेटी हवा ढकलते तेव्हा दुसरी गिळते,
मधल्या जागेत उरतं काहीच नाही.

एल्सेबेथला फोन केला. ती बसनं आली,
टोपी न काढताच खुर्चीत बसली.
मी तबकडी लावली.
बाई गायला लागली, बरोबर मधे,
स्टोव्ह आणि माझ्या बुटांच्या मांडणीमधे, उभी.

एल्सेबेथ बराच वेळ गप्प.
"ब्याऐंशी साली त्यानं ते पाडलं होतं," मग म्हणाली,
"रात्रभर बसून जोडलं.
मी म्हटलं, आवाज पोकळ येतोय.
तो म्हणाला, तुझे कान तपासून घे.
मी गेले होते, होल्स्टेब्रोला. दोनदा.
डॉक्टर म्हणाला, उत्तम आहेत."
आणि हसली. इतकी की चष्मा पुसावा लागला.

दुसरी बाजू संपत आली तेव्हा तिनं विचारलं,
"पूर्वीसारखं करता येईल? एका गाण्यापुरतं?"

मी अॅम्प्लिफायरमागे वाकलो,
लाल तार काळ्याच्या जागी, काळी लालच्या.
गाणारी बाई विरघळली,
भिंतींच्या आत कुठेतरी गेली,
शेजारच्या घरात कुणी गातंय तशी.

एल्सेबेथनं डोळे मिटले नाहीत, काही नाही.
स्टोव्हकडे बघत बसली, पाय जरासा हलवत.
"हं," म्हणाली, "हे आमचं घर."

मग केकचा तुकडा रुमालात बांधून घेतला
आणि चार दहाच्या बससाठी निघाली.
दारात थांबून म्हणाली,
"पहिलंच चांगलं होतं. तसंच ठेवा."